सपरी

कारंज्यात, कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस.
खालून फवारणीच्या औषधाचा वास येतो,
फायलींनाही लागलाय तो.
शालिक निघोट दर साली जिना चढतात,
लाल पासपोर्ट टेबलावर ठेवतात,
“मोज वं पोरी, किती झाले?”

मी शिक्के मोजते.
पोळ्याच्या सुमारास येणं, होळीच्या आसपास जाणं.
गेल्या साली एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस, त्याआधी एकशे ऐंशी.
एकशे ब्याऐंशीला हात लावायचा नाही
हे मीच शिकवलं त्यांना,
लहान पोराला विहिरीचा काठ दाखवावा तसं.

तिकडे डेन्मार्कात त्यांची पेन्शन,
एकतीस वर्षं जहाजांना वेल्डिंग करून कमावलेली,
आणि बंदरालगतच्या दोन खोल्यांचं भाडं.
भाडेकरू मासे धुरावर वाळवतो म्हणे.
त्या धुराचा हिशेब वर्ध्याच्या कार्यालयात लागत नाही.
अजून तरी.

यंदा पारबताबाई गेल्या, त्यांची मोठी बहीण,
अठ्ठावीस फेब्रुवारीला.
मी मयतीला गेले. सांगायला लाज वाटते,
सरणापासून जरा दूर, बाभळीखाली,
पदराआड बोटं मोजत होते:
आजचा एकशे बहात्तरावा,
तेरवी एकशे चौऱ्याऐंशीव्या दिवशी येते.

तिकीट आठ मार्चचं होतं.

चौथ्या दिवशी ते आले, डोक्यावर केस नव्हते.
मी म्हटलं, काका, आजच्या कायद्यात
आकडा ओलांडला तरी एक सपरी आहे:
‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही.’
म्हणजे अंगणातला नाही, घरातलाही नाही.
बाजेवर बसा, चहा घ्या,
बाहेरच्या मिळकतीचं कोणी विचारत नाही.
पण आता बोलणं चाललंय ती सपरीच पाडायचं.
कोणी म्हणतो मसुदा, कोणी म्हणतो समिती,
नागपूरचे सीए एक सांगतात, व्हॉट्सॲप दुसरंच.
ठरलं काहीच नाही.
ठरलं, तर उंबरठा ओलांडला की तुम्ही घरातले,
जगभरची मिळकत इथल्या ताटात.

“म्हंजे दोन्हीकडं द्या लागन?”
करार आहे, मी म्हटलं, तिथं भरलेलं इथं वजा होतं.
“वजा,” ते म्हणाले,
आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.
मग हळूच,
“पारबतीनं मले खांद्यावर बसवून शाळेत नेलं.
नाला भरला होता, तिचं लुगडं कमरेलोक ओलं.
तिच्या तेरवीले मी सामान्यतः नाही?”

याला कलम नाही.
मी फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली.
माझा धाकटा भाऊ मस्कतला आहे,
महिन्याला पैसे पाठवतो, मी ते ‘भेट’ म्हणून लिहिते.
माझ्या पोराचं बारसं त्यानं फोनवर पाहिलं,
तेही दोनदा रेंज गेली.
तो कोणत्या सपरीत बसलाय
हे मी कधी मोजलं नाही.

तेरवीला गाव जेवलं. वरणाला आंबट जास्त होतं.
पंगतीत सरपंचानं विचारलं,
“काका, तुमचा कर गावाले येईन का दिल्लीले?”
कोणी हसलं. वाढणारा पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढले, दम लागला होता.
पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या,
वडिलांच्या नावाच्या, एकतीस वर्षांच्या,
मधली दोन वर्षं उंदरांनी खाल्लेली.
बहीण भरत होती दर साली, यांना पत्ता नव्हता.
“हे लावता येते का कुठं?”
कुठं नाही, मी म्हटलं. तरी फाइलला लावल्या.

कोऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, एकशे पंच्याऐंशी.
खोडरबर हातात घेतला, बाजूला ठेवला.
तिकिटाचं विचारलं तर म्हणाले,
संत्र्यावर आंबिया बसलाय, पाहू.

ते खाली उतरले, दुकानात कोणाशी तरी बोलत थांबले.
एक एप्रिलला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते,
हे त्यांना सांगायचं राहून गेलं.